दिसत नाही ती हवा त्याने फोटोत पकडली!

एप्रिलची दुपार. सोलापूरचा पारा चाळिशीपार. होटगी रोडला सिग्नलवर थांबलात की जरा समोर बघा. डांबरावरची हवा थरथरताना दिसेल, पुढची रिक्षा पाण्यात उभी असल्यासारखी हलेल. रिक्षा हलत नसते. तापलेली विरळ हवा वरच्या दाट हवेत मिसळत असते आणि त्यातून येणारा प्रकाश वाकतो. आपण गॉगल चढवतो आणि पुढे निघतो. पण याच तत्त्वावर एका माणसाने बंदुकीच्या गोळीपुढच्या हवेचा फोटो मिळवला. तोही १८८६ मध्ये!

त्याचं नाव अर्न्स्ट माख. विमानाच्या वेगाचा 'मॅक नंबर' तुम्ही ऐकलाय ना? तोच हा.

माखचा जन्म १८ फेब्रुवारी १८३८ चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोजवळचा. दहाव्या वर्षाच्या आसपास शाळेत घातलं, तर शिक्षकांनी निकाल लावला: या मुलात काही दम नाही. वडिलांनी त्याला घरी आणलं आणि स्वतः शिकवलं. मुलगा शेतात राबला, दोन वर्षं सुतारकामही शिकला. पंधराव्या वर्षी पुन्हा शाळेत गेला आणि १८६० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाचा डॉक्टर झाला. रंध्यावर बसलेला तो हात पुढे प्रयोगशाळेत कामी आला असेल, असं मला तरी वाटतं.

१८६७ पासून तो प्रागमध्ये प्राध्यापक होता. तिथे त्याला शॉक वेव्ह, म्हणजे आघाताच्या लाटेने झपाटलं. हवेला अचानक जोरात दाबलं की दाट हवेची एक पातळ भिंत ध्वनीपेक्षा वेगाने पुढे सरकते, ती ही लाट. ती मोजायची कशी? आजी निरांजनावर वाटी धरून काजळ करायची, तशी माखने काचेवर काजळी धरली. जवळ विजेच्या ठिणग्या पाडल्या. लाट काजळी झाडत जायची आणि मागे तिची रेघ उरायची. दोन लाटा भिडल्या की कधीकधी तिसरीच तयार होते, हे त्याला या काजळीने सांगितलं.

मग आला बंदुकीचा प्रश्न. १८७०-७१ च्या युद्धात गोळ्यांच्या जखमा इतक्या मोठ्या होत्या, की फ्रेंच स्फोटक गोळ्या वापरतात असा संशय घेतला गेला. गोळीपुढे दाबली गेलेली हवाच जखम फाडते, असं एका बेल्जियन शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं. ही हवा दिसणार कशी? माखने युक्ती दिली आणि फ्युमे बंदरातल्या पीटर साल्शरने प्रयोग केला. उडती गोळीच विजेचं सर्किट पूर्ण करायची, ठिणगी पडायची, त्याच उजेडात फोटो! गोळीपुढे लाट स्पष्ट दिसली, बोटीपुढे पाण्यात दिसते तशी. या लाटेच्या कोनावरून वेगही काढता येतो: वेग ध्वनीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश.

पुढे मुलगा लुडविग याने १८९२ मध्ये प्रकाशाचे दोन झोत करून एक वायूतून नेणारं उपकरण मांडलं. झेंडर नावाच्या शास्त्रज्ञानेही तेच स्वतंत्रपणे केलं होतं. आता वायूची घनता आकड्यात मोजता येऊ लागली.

पण माख चुकलाही. जे दिसत नाही, मोजता येत नाही ते मानायचं नाही, या हट्टापायी त्याने अणूच नाकारले. हवा दाखवणारा माणूस हवा कशाची बनलीय तिथेच अडला! १८९८ मध्ये पक्षाघाताने त्याची उजवी बाजू गेली. १९ फेब्रुवारी १९१६ ला, ७८ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो वारला. 'मॅक नंबर' हे नाव १९२९ मध्ये आकेरेट यांनी दिलं. ते ऐकायला तो नव्हता.

त्याचं काम मात्र थांबलं नाही. १९६० मध्ये रिक्टमायर यांनी गणित मांडलं, की दोन वायूंच्या सीमेवरून शॉक वेव्ह गेली तर तिथल्या बारीक सुरकुत्या वाढत जातील. १९६९ मध्ये मेश्कोव्ह यांनी ते करून दाखवलं. बंद नळीत अतिशय पातळ पडदा, अलीकडे एक वायू, पलीकडे दुसरा. लाट आली, पडदा फाटला, सुरकुत्यांची बोटं झाली आणि वायू एकमेकांत घुसले. हे मोजायला वेगवान फोटोच लागले.

उपयोग काय, असं विचाराल. २८ ऑगस्ट २०१६ ला इस्रोने स्क्रॅमजेट इंजिनाची चाचणी घेतली. त्यात हवा ध्वनीपेक्षा वेगाने धावते, इंधन तिच्यात मिसळायला जेमतेम काही मिलिसेकंद मिळतात. तिथे लाटेने होणारं मिश्रण हवंसं. लेझरने अणू जोडून ऊर्जा मिळवायच्या प्रयोगात मात्र तेच मिश्रण घात करतं. म्हणून ते नेमकं मोजावं लागतं.

तेव्हा उद्या सिग्नलला डांबरावरची हवा थरथरली, की गॉगल दोन सेकंद वर करा. ज्याच्यात दम नाही म्हणून शाळेने घरी धाडलं, त्याने हेच बघत बसण्याचं काम आयुष्यभर केलं.