संगीतसूर्य केशवराव भोसले आणि ‘संयुक्त मानापमान’

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण संगीत रंगभूमीच्या उत्कर्षाचा विचार केला. त्या काळातील एका गायक-नटाचे चरित्र येथे पाहू. कलावंताने आपली कला सार्वजनिक कार्याच्या साहाय्यास दिली, तर त्यात तो नेमके काय पणाला लावतो, हा प्रश्न वाचताना मनाशी ठेवा.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घरची गरिबी असल्यामुळे अगदी बालवयातच ते स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. रंगमंच हीच त्यांची शाळा ठरली. देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने या बालनटाचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयाची तालीम त्यांना लाभली. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रयही त्यांना होता.

त्या काळी नाटक मंडळी म्हणजे एक फिरता संसारच असे. नट, वादक, पडदेवाले, आचारी अशा अनेकांचे पोट रात्रीच्या उत्पन्नावर चाले. म्हणून शाळा, वाचनालय किंवा एखादा निधी यांसाठी ‘मदतीचा प्रयोग’ करणे, म्हणजे पदरच्या उत्पन्नावर पाणी सोडणे होते. हा शब्दप्रयोग आपण आज सहज वापरतो; त्यामागील हा व्यवहार मात्र ध्यानात घ्यावा.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभारला जाऊ लागला. या फंडाच्या साहाय्यार्थ ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी यांनी एकत्र येऊन प्रयोग करावा, असे ठरले. दोन्ही मंडळ्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी होत्या. बालगंधर्वांचे चाहते निराळे, केशवरावांचे निराळे. एका रंगमंचावर दोघे उभे राहिले की तुलना अटळ होती; ज्याचे गाणे त्या रात्री फिके पडेल, त्याच्या मंडळीच्या लौकिकाला धक्का बसणार होता. तरीही दोघांनी होकार दिला. नाटक निवडले तेही मोठे अन्वर्थक : टिळकांचे सहकारी कृ. प्र. खाडिलकर यांचे ‘मानापमान’.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये हा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी झाले. सर्वांत महाग तिकीट १०० रुपयांचे असूनही नाट्यगृह तुडुंब भरले. सोळा हजार रुपयांहून अधिक उत्पन्न झाले. कोण जिंकले, यावर रसिक पुढे अनेक वर्षे वाद घालीत राहिले. दोघांनी स्वतःचा मान पणाला लावला म्हणूनच गर्दी लोटली आणि फंडात भर पडली, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले. वय होते एकतीस. बापूराव पेंढारकरांनी ललितकलादर्शची धुरा सांभाळली. कोल्हापूरच्या नाट्यगृहाला आज केशवरावांचेच नाव आहे.

विद्यार्थी मित्रहो, ‘संयुक्त’ हे एरवी साधे विशेषण. पण या प्रयोगामुळे मराठी नाट्येतिहासात त्याला एक विशेष अर्थ प्राप्त झाला. दोन स्पर्धकांनी स्पर्धा न सोडता, तिचे फळ तेवढे समाजाला देणे, हा तो अर्थ होय. तुमच्या गावात झालेला एखादा मदतीचा प्रयोग किंवा गायनाचा कार्यक्रम आठवा. त्यात कलावंतांनी काय सोडले आणि समाजाला काय मिळाले, हे आपल्या शब्दांत दहा-बारा ओळींत लिहा.