नाशकात गिरवलेली एबीसीडी

मागच्या वर्षी, चाळिशी उलटल्यावर, मी इथे नाशिकमध्ये इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. क्लासपेक्षा भीती घरचीच जास्त! मोठ्याने वाचायला बसले की मुलं उच्चारांवर हसायची. मग मी स्वयंपाकघराचं दार लोटून पुटपुटत वाचायचे. तेव्हा मला रमाबाई रानडे आठवल्या. 'उंच माझा झोका' मालिकेमुळे त्या आपल्या घराघरांत पोहोचल्या. पण त्यांच्या इंग्रजीची सुरुवात आमच्या नाशकात झाली, हे किती जणींना ठाऊक असेल?

रमाबाई माहेरच्या कुर्लेकर, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या. 1873 साली अकराव्या वर्षी त्यांचं न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लगेच पाटी-पेन्सिल हाती दिली. पण पुण्याच्या त्या भरल्या घरात वडीलधाऱ्या बायकांना सुनेचं शिकणं मुळीच खपत नव्हतं. टोमणे, अबोला रोजचाच. आवाज चढवून वाचायचीही चोरी!

1878 मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली. इथे दोघांचाच संसार. सोळा वर्षांच्या रमाबाई घरही सांभाळू लागल्या आणि नवऱ्याकडून इंग्रजीही शिकू लागल्या. चुकलं तरी हसणारं कुणी नव्हतं. इथल्याच एका शाळेतल्या समारंभात त्यांनी पहिलं जाहीर भाषण केलं. ते लिहून दिलं होतं रानड्यांनी, पण चार लोकांसमोर उभं राहण्याचं धाडस रमाबाईंचं स्वतःचं.

पुढे पुण्यात परतल्यावर पुन्हा तेच. इंग्रजी शिकवायला मडमबाई यायच्या, म्हणून शिकवणीनंतर अंघोळ करायची, असा घरातला हट्ट. रानडे वडीलधाऱ्यांशी भांडत नसत, सोसायचं रमाबाईंनाच. तरीही त्यांनी इंग्रजी सोडलं नाही. पुण्यात मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी सभा झाली, तेव्हा इंग्रजी निवेदन त्यांनीच वाचलं. घरी त्याबद्दल बोलणीही खाल्ली! 1884 मध्ये ती शाळा निघाली. तीच आपली हुजूरपागा.

1901 मध्ये रानडे गेले. रमाबाई खचल्या, पण थांबल्या नाहीत. 1904 साली मुंबईतल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तिथे कितीतरी बायका शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. 1910 मध्ये त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या मात्र मराठीत. 1924 साली त्या गेल्या.

मैत्रिणींनो, मला वाटतं, हुशारी तर रमाबाईंकडे पुण्यातही होती. नाशकात त्यांना मिळाली ती न लाजता चुकायची जागा. आपल्या घरात कुणी अडखळत इंग्रजी वाचत असेल, मग ती सून असो की सासू, तिला एवढी जागा आपण देऊच शकतो, नाही का?

मी आता स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून वाचते. मुलं अजून हसतात. हसू देत!