विश्लेषण : डोके कापलेल्या ढेकणाने उलगडले किडीच्या वाढीचे गुपित

सायखेडा, चांदोरीच्या गोदाकाठी द्राक्षबागेत पिठ्या ढेकूण दिसला की कृषी सेवा केंद्रातून बऱ्याचदा बुप्रोफेझिन हाती पडते. फवारणी होते आणि दुसऱ्या दिवशी किडी तशाच चालताना दिसतात. औषध बोगस निघाले, हा पहिला संशय. पण हे औषध किडीला जागच्या जागी मारणारे नाहीच. पुढची कात टाकायची वेळ आली की पिल्लू त्यात अडकते आणि मरते.

कीड कात केव्हा टाकते, प्रौढ केव्हा होते, अंडी केव्हा धरते, हे जगाला ज्यांनी दाखवून दिले ते ब्रिटिश शास्त्रज्ञ सर व्हिन्सेंट विगल्सवर्थ. योगायोग असा, की त्यांनी आयुष्यभर अभ्यासला तोही एक ढेकूणच.

कोण होते विगल्सवर्थ?

जन्म १८९९ चा, इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातला. वडील डॉक्टर. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात काम करून ते केंब्रिजला शिकायला आले आणि पुढे स्वतःही डॉक्टर झाले. दवाखाना मात्र थाटला नाही. १९२६ मध्ये लंडनच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत त्यांना नोकरी मिळाली. कीटकांमुळे पसरणारे आजार रोखायचे, तर आधी कीटकाचे शरीर कसे चालते ते समजून घ्या, हे तिथले काम होते.

तिथे त्यांना ऱ्होडनियस सापडला. दक्षिण अमेरिकेतला, माणसाचे रक्त पिणारा आणि चागास हा आजार पसरवणारा ढेकूण. आपल्या पिठ्याशी त्याचे नाते दूरचे. प्रयोगासाठी मात्र तो फार सोयीचा. पिल्लू पाच अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्थेत पोटभर रक्त एकदाच पिते. पोट तट्ट ताणले, की ठरावीक दिवसांनी कात पडते. म्हणजे घड्याळ नेमके कधी सुरू झाले, ते माहीत असते.

डोके कापून काय कळले?

विगल्सवर्थ यांनी रक्त प्यायलेल्या पिल्लांची डोकी वेगवेगळ्या दिवशी कापली. आपल्याला हे क्रूर वाटेल, पण असा ढेकूण महिनोन्‌महिने जिवंत राहतो. जेवणानंतर लगेच डोके कापले तर पिल्लू कात टाकतच नाही. काही दिवस थांबून कापले तर बिनडोक्याचे पिल्लूही वेळेवर कात टाकते. मग त्यांनी एक लवकर कापलेले आणि एक उशिरा कापलेले पिल्लू मेण लावून एकमेकांना जोडले, दोघांचे रक्त एकत्र फिरू दिले. दोघांनीही कात टाकली. हुकूम डोक्यातून निघतो आणि रक्तातून पोहोचतो, हे सिद्ध झाले. अशा हुकमालाच आपण संप्रेरक म्हणतो.

खरी गंमत पुढे आहे. पहिल्या अवस्थेतले इवलेसे पिल्लू डोके कापून पाचव्या अवस्थेतल्या पिल्लाला जोडले, तर ते मधल्या अवस्था गाळून थेट चिमुकले प्रौढ झाले. उलट, लहान पिल्लाच्या मेंदूमागची बारीक ग्रंथी पाचव्या अवस्थेतल्या पिल्लात बसवली, तर प्रौढ होण्याऐवजी भलेमोठे पिल्लूच तयार झाले. त्या ग्रंथीतून एक रस झिरपतो आणि तो आहे तोवर कीड बालच राहते. त्याला पुढे बाल-संप्रेरक असे नाव पडले.

१९३६ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मादीची हीच ग्रंथी काढली तर अंडी पिकत नाहीत. पिल्लाला मोठे होऊ न देणारा रस प्रौढ मादीत अंडी तयार करवतो. निसर्ग एकच चावी दोन कुलुपांना लावतो, ती अशी.

मेंदूचा कात टाकण्याशी संबंध त्याआधीच पोलंडच्या स्टीफन कोपेच यांनी सुरवंटांवर दाखवला होता. त्यांचे काम बराच काळ कुणी फारसे मनावर घेतले नाही. १९४१ मध्ये नाझींनी त्यांना वॉर्सा शहराजवळ गोळ्या घातल्या.

जनुकांपर्यंत धागा कसा पोहोचला?

कात टाकायला लावणारा रस, एक्डायसोन, १९५४ मध्ये जर्मनीत शुद्ध स्वरूपात मिळाला. त्यासाठी सुमारे ५०० किलो रेशीमकिड्यांचे कोष वापरले गेले आणि हाती आले जेमतेम २५ मिलिग्रॅम. १९६० मध्ये दिसले, की हा रस टोचल्यावर अळीच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे येतात. तिथली जनुके जागी झालेली असतात. बाल-संप्रेरक असेल तर एक जनुक प्रौढपणाच्या जनुकाला दाबून ठेवते. ते ओसरले, की दाब उठतो आणि कीड प्रौढ होते. विगल्सवर्थ यांनी मेण आणि कात्रीने जे दाखवले, त्यामागची यंत्रणा ही.

डीडीटीबद्दल काय म्हणणे होते?

डीडीटीचा जयजयकार सुरू होता, त्या १९४५ सालीच त्यांनी लेख लिहून सावध केले होते. सरसकट मारा केला तर किडीबरोबर तिचे शत्रूही मरतील आणि कीड जोमाने परत येईल, हा त्यांचा मुद्दा. रेचेल कार्सन यांचे गाजलेले पुस्तक यायला तेव्हा १७ वर्षे होती. १९६४ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. निवृत्तीनंतरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. १९९४ मध्ये, ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गोदाकाठच्या शेतकऱ्याने यातून काय घ्यायचे?

दुकानात ‘वाढ रोखणारी’ म्हणून मिळणारी औषधे एकसारखी नसतात. पांढऱ्या माशीवरचे पायरीप्रॉक्सीफेन बाल-संप्रेरकाची नक्कल करते. द्राक्षावरचे बुप्रोफेझिन आणि टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीवरचे नोव्हाल्युरॉन संप्रेरकाला हात लावत नाहीत, नव्या कातडीचा मुख्य घटक कायटिन तयार होऊ देत नाहीत. निंबोळीतले अझाडिरॅक्टिन एक्डायसोनची साखळी बिघडवते.

कात टाकतात ती पिल्ले आणि अळ्या, प्रौढ नव्हे. त्यामुळे खोडाच्या सालीखाली पांढरे मेण पांघरून बसलेली पिठ्याची पूर्ण वाढलेली मादी बुप्रोफेझिनने सहसा मरत नाही. फवारणी लागू पडते ती अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले सालीवर फिरताना दिसतात तेव्हा. आणि परिणाम मोजायचा तो दुसऱ्या दिवशी नव्हे, तर त्यांची पुढची कात पडण्याची वेळ येऊन गेल्यावर.