कुंडीतला वाटाणा आणि हलती चित्रं : दादासाहेब फाळके आणि बडोद्याचं नातं

हल्ली मोबाईलवर एक प्रकार सारखा दिसतो. फोटो स्थिरच, पण कपातून वाफ तेवढी निघतेय, नाहीतर खिडकीचा पडदा तेवढा हलतोय. जिफ म्हणतात त्याला. थोडे थोडे वेगळे फोटो एकामागोमाग दाखवायचे, की डोळ्याला हालचाल भासते. हाच हिशोब शंभराहून अधिक वर्षांपूर्वी धुंडिराज गोविंद फाळके यांनी एका कुंडीवर मांडला होता, आणि त्यावर त्यांचा अख्खा संसार पणाला लागला होता.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. १८८५ मध्ये धुंडिराज मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले आणि तिथून पुढे बडोद्याला आले. सयाजीराव महाराजांच्या राज्यातलं कलाभवन तेव्हा नवीनच होतं. चित्रकलेसोबत फोटोग्राफीचा नाद त्यांना इथेच लागला. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी या मुलाची ओढ ओळखून फोटो स्टुडिओ त्याच्या हाती सोपवला.

पुढे गोध्र्याला त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. पण प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही हिरावून नेलं. बडोद्याला परतून पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी लोकांची समजूत! गिऱ्हाईक फिरकेना. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, नंतर लोणावळ्याला आणि मुंबईला छपाईचा धंदा. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं होतं. त्या सरस्वतीबाई पुढे प्रत्येक अडचणीत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर राम-कृष्ण का नकोत, हा विचार डोक्यात शिरला तो निघेना. रोज सिनेमे, अपुरी झोप, सततचे प्रयोग. शेवटी काही काळ दिसेनासंच झालं. उपचारांनी दृष्टी परतली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढलं आणि १९१२ मध्ये थेट लंडन गाठलं. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहून विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी पक्की केली आणि परत आले.

कॅमेरा झाला, आता भांडवल कोण देणार? सिनेमा म्हणजे काय हेच सावकाराला ठाऊक नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. महिनाभराहून अधिक काळ त्याच रोपाची थोडी थोडी चित्रं ते टिपत राहिले. पट्टी जोडून दाखवली, तर बी फुटून वेल सरसर वर चढताना दिसली! 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या चित्रपटाचं नाव. तो पाहून पैसा उभा राहिला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामंही त्या करत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

वाटाण्याची युक्ती फाळक्यांनी सोडली नाही. आगकाड्या एकेक चौकटीने सरकवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. पुढे नाशिकला स्टुडिओ उभा राहिला, 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनीच कृष्ण झाली. बोलपट आले आणि जमाना बदलला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये.

आपल्या फोटोंचं जिफ करायचं असेल, तर फाळक्यांच्या कुंडीकडूनच शिकावं. मोबाईल स्टँडवर घट्ट बसवा, जागा बदलू नका, उजेड शक्यतो एकसारखा ठेवा. चित्रात एकच गोष्ट हलू द्या, बाकी सगळं स्थिर. रोज सकाळी ठरल्या वेळी गॅलरीतल्या मेथीचा एक फोटो काढला, तरी दोन आठवड्यांत तुमचाही अंकुर वाढताना दिसेल. खर्च काहीच नाही, धीर तेवढा हवा.