रमाबाई रानडे : भरल्या घरातील एकटेपण

कै. रमाबाई रानडे यांचे नाव आपल्या सभासद-कुटुंबांस अपरिचित नाही. न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या सहधर्मचारिणी आणि सेवासदनाच्या अध्वर्यू म्हणून त्या सर्वांस ठाऊक आहेत. प्रस्तुत स्थळी त्यांच्या चरित्राची एकच बाजू आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ती म्हणजे त्यांनी सोसलेले एकाकीपण आणि त्यातून त्यांनी काढलेली वाट.

कुर्लेकरांच्या या कन्येचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या रानड्यांच्या घरी आल्या. पतीचे वय तेव्हा एकतीस होते. माधवरावांनी पत्नीच्या हाती पाटी दिली आणि तेथूनच तिच्या वनवासास आरंभ झाला. एकटेपण म्हटले की ओसाड घर डोळ्यांपुढे येते. रमाबाईंच्या वाट्यास आलेले एकटेपण बायकामाणसांनी गजबजलेल्या घरातले होते. वडील स्त्रियांस सुनेचे वाचन रुचेना. टोमणे, अबोला, मर्मभेदक हसणे हे नित्याचे झाले. रमाबाई उलट उत्तर न देता ते सोशीत. अशा अबोल्याची धग ज्या भगिनींनी अनुभविली असेल त्यांस अधिक सांगणे नलगे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. तेथे जाऊ लागल्यावर घरचा रोष वाढलाच. परंतु आपले शिकणे ज्यांस अपराध वाटत नाही अशा स्त्रिया त्यांस प्रथमच भेटल्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव निवर्तले. रमाबाईंस चाळिशीही लागली नव्हती. पोटी अपत्य नव्हते. मुंबईचे बिऱ्हाड मोडून त्या पुण्याच्या वाड्यात आल्या आणि सुमारे वर्षभर जगापासून दूर राहिल्या. विधवेने कोपऱ्यात बसावे हीच त्या काळची रीत असल्यामुळे त्या तशाच राहिल्या असत्या तरी कोणास काही वावगे वाटले नसते.

त्या बाहेर पडल्या तेव्हा कोठे गेल्या, याचे आम्हास विशेष वाटते. प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात त्यांस मान होताच. त्यांनी कारागृहातील स्त्रियांकडे जाण्याचा परिपाठ ठेविला. रुग्णालयांतून फळे, फुले व पुस्तके वाटली. सुधारशाळेतील मुलांस सणासुदीस गोडधोड नेले. आपल्याशी कोण बोलेल याची वाट न पाहता, ज्यांच्याशी कोणीच बोलत नसे त्यांच्याकडे त्या आपण होऊन गेल्या.

१९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९०८ साली मलबारी व दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढिले, त्याच्याही त्या अध्यक्षा झाल्या. पुढील वर्षी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने पुण्याचे सेवासदन निघाले ते त्यांच्याच वाड्यात. जेथे त्यांचे पुस्तक उघडणे सलत होते, त्या पुण्यात त्यांच्याच घरी आता विधवा, परित्यक्ता आणि संसारी स्त्रिया शिकावयास येऊ लागल्या. त्यांतील काहींनी रुग्णपरिचर्येचे शिक्षण घेतले, तेव्हा पुण्यातील टीकाकारांस नवे खाद्य मिळाले. रमाबाई त्यास सरावलेल्या होत्या! आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या भगिनींस बरोबर घेऊन त्या यात्रेकरूंची सेवा करीत.

१९२४ साली त्यांचा अंत झाला. १९१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आठवणींचे पुस्तक आपल्या बहुतेक घरांत वाचिलेले असेल. ते पतीच्या निधनापाशी थांबते. कारागृहाची व सेवासदनाची हकीकत त्यात नाही.