दीनबंधू अँड्र्यूज

मागच्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या आम्ही पाचजणी जवळच्या एका गावी मुलींचे मंडळ सुरू करून देण्यासाठी गेलो होतो, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. आम्ही तासभर बोललो. मुलींनी मुकाट्याने ऐकून घेतले. परतताना ध्यानी आले की, आपण त्यांच्यापैकी एकीचेही नाव विचारले नाही! मन खट्टू झाले. तेव्हापासून मला एका ख्रिस्ती सेवकाची आठवण वारंवार होते. ते म्हणजे चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडात न्यूकॅसल येथे झाला. केंब्रिजला शिकून ते धर्मोपदेशक झाले, लंडनच्या गरीब वस्तीत राहिले आणि १९०४ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकविण्यास आले. तेथील प्राचार्यपद इंग्रजाकडेच जाण्याचा रिवाज होता. ते सुशीलकुमार रुद्र यांना मिळावे म्हणून अँड्र्यूज झटले. दुसऱ्याला पुढे करून आपण मागे उभे राहणे हा त्यांचा स्वभावच होता.

१९१३ साली दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह पेटला. ख्रिस्ती विधीने न झालेले विवाह तेथील न्यायालयाने अमान्य ठरविले, तेव्हा आपल्या भगिनीही तुरुंगात गेल्या. त्यांत कस्तुरबा होत्या. अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक सत्याग्रहींसाठी दिली आणि नामदार गोखल्यांच्या सांगण्यावरून मित्र पिअर्सन यांच्यासह ते तिकडे निघाले.

जानेवारी १९१४ मध्ये डरबनच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी वाकून गांधीजींची पायधूळ घेतली. गोऱ्या लोकांत मोठा गहजब झाला. पुढे एका चर्चमध्ये अँड्र्यूज यांचे प्रवचन होते. ते ऐकावयास गेलेल्या गांधीजींना वर्णामुळे दारातूनच परत फिरविण्यात आले. हे अँड्र्यूज यांना मागाहून कळले, आणि त्याचे शल्य त्यांना जन्मभर राहिले.

डरबनजवळ रानात फिनिक्स आश्रम होता. तेथील मुले शेती करीत, छापखान्यात राबत आणि शिकत. अँड्र्यूज त्यांच्यात जाऊन राहिले. ते उपदेशक म्हणून गेले नव्हते, पाहुणे म्हणून गेले होते. त्याच सुमारास इंग्लंडात त्यांची आई वारली, ती बातमी त्यांना परक्या भूमीवर ऐकावी लागली. तिकडे कस्तुरबाही फार आजारी होत्या. तशाही स्थितीत जनरल स्मट्स यांच्याशी समेट घडविण्याच्या कामी अँड्र्यूज यांनी मदत केली.

फिनिक्सची मुले हिंदुस्थानात आली तेव्हा त्यांची सोय अँड्र्यूज यांनीच लावून दिली. प्रथम कांगडीच्या गुरुकुलात व नंतर रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात. मुलांचा उत्साह भाषणाने टिकत नाही. त्यांना राहण्यास छप्पर आणि प्रेमाची माणसे लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

१९१५ व १९१७ साली ते फिजी बेटांत गेले. तेथे गिरमिटावर नेलेल्या शंभर पुरुषांमागे अवघ्या चाळीस स्त्रिया असत. त्यांची विटंबना अँड्र्यूज यांनी जगापुढे मांडली. मुंबईच्या जायजी पेटिट यांनी स्त्रियांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे नेण्यासाठी खटपट केली. अखेर १ जानेवारी १९२० पासून फिजीतले उरलेसुरले करार रद्द झाले. दीनबंधू ही पदवी त्यांना तेथल्या गिरमिट्यांचीच देणगी. पुढे केनियात हिंदी लोकांची बाजू घेतल्याबद्दल गोऱ्यांनी त्यांना आगगाडीत मारहाण केली, तरी ते हटले नाहीत.

५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. गांधीजी त्यांना आजारपणात भेटून आले होते. बनारसीदास चतुर्वेदी यांच्या जोडीने १९४९ साली त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या मार्जरी साइक्सबाईंनी आपल्या सेवाग्रामातच नयी तालीमचे काम केले, याचे मला अप्रूप वाटते.

भगिनींनो, हा गृहस्थ ज्यांना मदत करावयास गेला, त्यांच्यापुढे आधी वाकला. आम्ही मात्र ताठ बसून बोलत राहिलो. या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या गावी जाणार आहोत. यावेळी सतरंजीवर मुलींच्या शेजारी बसू, आणि आधी त्यांची नावे विचारू. ज्यांना सवड असेल त्यांनी अवश्य सोबत यावे.