विझलेल्या मेणबत्त्यांची सिंफनी

१७७२ च्या शरद ऋतूत हंगेरीतील एस्टरहाझा राजवाड्यात प्रिन्स निकोलाउस यांचा मुक्काम लांबत चालला होता. दरबारातील बहुतेक वादकांना कुटुंब सोबत आणण्याची मुभा नव्हती. घराच्या ओढीने ते व्याकूळ झाले होते. त्यांचे गाऱ्हाणे धन्यापुढे मांडण्याची जबाबदारी संगीतप्रमुख जोसेफ हायडन यांच्यावर आली.

हायडन स्वतःही चाकरच होते. १७३२ मध्ये ऑस्ट्रियातील रोराऊ या खेड्यात, चाके घडविणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. व्हिएन्नाच्या कॅथेड्रलमध्ये ते बालगायक होते. मात्र वयात येताना आवाज फुटला आणि तो आश्रय सुटला. अनेक वर्षांच्या ओढगस्तीनंतर १७६१ मध्ये त्यांना एस्टरहाझी घराण्याची नोकरी मिळाली. अंगावर दरबारी गणवेश, रोज हुजुरांच्या आज्ञेची प्रतीक्षा आणि लिहिलेल्या संगीतावर मालकी धन्याची, अशा तिच्या अटी होत्या.

सिंफनी वाद्यवृंदात प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाट्याचे स्वर लिहिलेले असतात. व्हायोलिनपासून डबल बेसपर्यंतची तंतुवाद्ये पाया रचतात. ओबो, बसून आणि हॉर्न त्यात रंग भरतात. एक वाद्य थांबले, तरी उणीव जाणवते. हायडन यांनी नेमका याच गुणाचा आधार घेतला. नव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात एकेक वादक आपले स्वर संपवून मेणबत्ती विझवी आणि निघून जाई. नाद विरळ होत गेला. शेवटी दोनच व्हायोलिन उरली. तक्रारीचा शब्दही न उच्चारता प्रिन्सना अर्थ उमगला आणि मंडळी घरी परतली, असे सांगितले जाते.

१७९० मध्ये निकोलाउस निवर्तले. त्यांच्या वारसाने वाद्यवृंद मोडला आणि हायडन मोकळे झाले. लंडनच्या दोन दौऱ्यांसाठी त्यांनी बारा सिंफनी लिहिल्या. दरबारी चाकरीच्या आरंभी हाताशी जेमतेम पंधरा वादक होते. १७९५ मध्ये लंडनला सुमारे साठ वादक त्यांच्या रचना वाजवीत होते आणि तिकीट काढून आलेले नागरिक त्या ऐकत होते.

३१ मे १८०९ रोजी, फ्रेंच फौजांनी व्यापलेल्या व्हिएन्नात हायडन यांचे निधन झाले. क्रमांकित अशा १०४ सिंफनी त्यांच्या नावावर आहेत. त्यांतील पंचेचाळिसावी आजही वाजते, तेव्हा वादक एकेक करून उठतात आणि आपल्या माणसांकडे जाऊ इच्छिणाऱ्या त्या चाकरांची आठवण जागी करतात.